अमेरिकन कॉलेज फुटबॉल: दर आठवड्याला मॅच कशा बघायच्या, नोंदी काय ठेवायच्या आणि शनिवारचा अंदाज कसा लावायचा

आपल्याकडची कितीतरी मुलं दरवर्षी अ‍ॅरिझोना स्टेट, पर्ड्यू, टेक्सस ए अँड एम, ओहायो स्टेट अशा युनिव्हर्सिट्यांमध्ये मास्टर्सला जातात आणि पहिल्याच सप्टेंबरमध्ये त्यांना कळतं की शनिवारी अख्खं गाव एकाच रंगाचे टीशर्ट घालून स्टेडियमकडे चाललंय. मग तीही बघायला लागतात, मग इकडे पुण्या-नाशकात त्यांचे आईबाबा बघायला लागतात, आणि हळूहळू व्हॉट्सअ‍ॅपवर "या शनिवारी कोण जिंकणार" सुरू होतं. हे लिहितेय ते अशा लोकांसाठी. डाऊन, यार्ड, टचडाऊन, फील्ड गोल एवढं माहीत आहे असं धरून चालते. आणि पैसे लावायचा विषय इथे नाहीये, मित्रमंडळीत पॉइंट मोजून खेळायचं एवढंच.

माझं एकच म्हणणं आहे आणि पुढचं सगळं त्यातूनच येतं: गेल्या शनिवारचा स्कोअर बघून पुढच्या शनिवारचा अंदाज लावू नका, तो स्कोअर कसा झाला ते बघून लावा. सीझनला जेमतेम 12 मॅच असतात, क्रिकेटसारखं भरपूर खेळून चित्र स्पष्ट होईल असं इथे होत नाही, त्यामुळे एकेका मॅचमधून जेवढं काढता येईल तेवढं काढावं लागतं.

आधी वेळा सांगते कारण भारतातून बघणाऱ्यांचं सगळं गणित त्यावर आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारी 12 ला सुरू होणारी मॅच आपल्याकडे शनिवारी रात्री 9:30 ला लागते, 3:30 ची रात्री 1 ला, संध्याकाळी 7:30 ची मोठी मॅच रविवारी पहाटे 5 ला, आणि पश्चिमेकडची 10:30 ची रविवारी सकाळी 8 ला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं मागे जातात, त्यानंतर सगळ्यात एक तास मिळवायचा. रात्रभर जागायची गरज नाही. एक 9:30 ची मॅच पूर्ण बघा, एक पहाटेची बघा, बाकीच्यांचे आकडे रविवारी दुपारी वाचा, पुरेसं होतं.

रविवार हा खरा कामाचा दिवस. एपी या वृत्तसंस्थेचं टीमचं रँकिंग रविवारीच येतं, ते बघायच्या आधी स्वतःच्या नोंदी लिहून टाका, कारण एकदा का "आता या नंबर 4 वर" असं वाचलं की डोकं त्याच दिशेने जातं. रँकिंग म्हणजे आत्तापर्यंत काय कमावलं त्याचा हिशोब, पुढच्या आठवड्यात कोण जिंकेल याचा नाही, म्हणून तर कधीकधी वरच्या नंबरची टीम अंडरडॉग (हरेल असं धरलेली) असते आणि नवीन लोक गोंधळतात.

नोंद काय करायची? मी प्रत्येक टीमसाठी तीन-चार ओळी लिहिते, जास्त नाही. एकूण यार्ड किती यापेक्षा एका प्लेमागे किती यार्ड मिळाले ते बघते. थर्ड डाऊनला किती वेळा जमलं, आणि मुख्य म्हणजे ते थर्ड डाऊन किती लांबीचे होते, कारण थर्ड अँड 2 आणि थर्ड अँड 11 यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बॉल किती मिनिटं हातात होता. आणि सक्सेस रेट. हे फार उपयोगी माप आहे आणि स्वतः बघताबघता मोजता येतं: फर्स्ट डाऊनला लागणाऱ्या यार्डांपैकी निम्मे मिळाले तर प्ले यशस्वी, सेकंडला 70 टक्के, थर्ड आणि फोर्थला सगळेच्या सगळे. म्हणजे फर्स्ट अँड 10 ला 5 यार्ड, यशस्वी. सेकंड अँड 8 ला 6 यार्ड, यशस्वी. थर्ड अँड 4 ला 3 यार्ड, गेला. एका क्वार्टरभर वहीवर टिकमार्क करून बघा, जी टीम एखाद्या 75 यार्डांच्या टचडाऊनवर तरून गेली आणि जी प्रत्येक ड्राइव्हला (बॉल हातात आल्यापासून जाईपर्यंतच्या सलग प्लेंमध्ये) शांतपणे पुढे सरकत होती, दोघींतला फरक लगेच दिसतो. पहिल्या प्रकारची टीम पुढच्या आठवड्यात ते परत करेलच असं नाही, दुसरी बहुतेक करते.

आता एक मॅच जवळून बघू. 5 ऑक्टोबर 2024, नॅशव्हिलला व्हँडरबिल्ट विरुद्ध अलाबामा. अलाबामा नंबर 1, फेव्हरिट 22-23 पॉइंटांनी, म्हणजे तेवढ्या फरकाने जिंकेल असं धरलेलं, व्हँडरबिल्टने त्यांना 1984 नंतर हरवलेलं नव्हतं. निकाल 40-35, व्हँडरबिल्ट. लोकांनी गोलपोस्ट उपटून कंबरलँड नदीत नेऊन टाकला. सगळे म्हणाले चमत्कार. पण आदल्या आठवड्याच्या नोंदी काढून बघा. अलाबामाने जॉर्जियाला 41-34 हरवलं होतं, मोठा विजय, सगळीकडे तोच विषय. पण त्या मॅचमध्ये अलाबामा 28-0 ने पुढे होती आणि तिथून जॉर्जियाने 34-33 अशी आघाडी घेतली होती, मग रायन विल्यम्सच्या 75 यार्डांच्या टचडाऊनने ती मॅच वाचली. म्हणजे डिफेन्सने अर्धी मॅच मार खाल्लेला होता आणि स्कोअरलाइन ते सांगत नव्हती. तिकडे व्हँडरबिल्टने मिझूरीला त्यांच्या घरी दोन ओव्हरटाइमपर्यंत नेलं होतं, 30-27 ने हरले, आणि त्यानंतर त्यांना एक आठवडा सुट्टी होती, म्हणजे तयारीला दोन आठवडे. क्वार्टरबॅक दिएगो पाविया, हा आधी न्यू मेक्सिको स्टेटला होता आणि 2023 मध्ये ऑबर्नला त्यांच्याच मैदानावर 31-10 ने हरवून आलेला, मोठ्या स्टेडियमला बिचकणारा नव्हेच.

आणि मॅचमध्ये काय झालं? व्हँडरबिल्टने 42 मिनिटांहून जास्त वेळ बॉल स्वतःकडे ठेवला, 60 पैकी 42, आणि थर्ड डाऊनला 18 पैकी 12 वेळा जमवलं. अलाबामाच्या ऑफेन्सने मिळालेल्या वेळेत वाईट केलंच नाही, त्यांना वेळच मिळाला नाही. मॅचच्या आधी "व्हँडरबिल्ट जिंकणार" असं कोणी लिहायला हवं होतं असं मी म्हणत नाही. पण "22 चा फरक जास्त वाटतोय, अलाबामा जिंकेल पण घाम गाळून" एवढं त्या नोंदींवरून नक्की लिहिता आलं असतं, आणि चांगला अंदाज म्हणजे तेच असतं.

हा हळू खेळण्याचा मुद्दा लक्षात ठेवा, कारण दर सीझनला चार-पाच वेळा तरी उपयोगी पडतो. साधारण मॅचमध्ये प्रत्येक टीमला 12 च्या आसपास ड्राइव्ह मिळतात. दुबळ्या टीमने ते 8 वर आणले तर तगड्या टीमला आपला तगडेपणा दाखवायला संधीच कमी मिळतात, दोन चुका झाल्या की मॅच अडकली. आर्मी, नेव्ही, एअर फोर्स या मिलिटरी अकादमीच्या टीम वर्षानुवर्षं हेच करत आल्यात, ट्रिपल ऑप्शनची रनिंग (बॉल तिघांपैकी कोण घेऊन पळणार ते आयत्या वेळी ठरवायचं), तीन-तीन यार्ड, फोर्थ डाऊनलाही जायचं. 2018 मध्ये आर्मीने ओक्लाहोमाच्या मैदानावर 44 मिनिटं 41 सेकंद बॉल ठेवला, समोर कायलर मरे, जो त्याच वर्षी हाइझमन (सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) जिंकला, आणि तो बाजूला उभा राहून बघतोय. ओक्लाहोमा जिंकली पण ओव्हरटाइममध्ये, 28-21. अशी टीम समोर असेल तर फेव्हरिटचे पॉइंट कमी धरा, आणि त्या फेव्हरिटला तयारीला एकच आठवडा मिळाला असेल तर अजून कमी.

आता नशिबाचा भाग. फंबल झालेला, म्हणजे हातातून सुटलेला बॉल कोण उचलतं हे साधारण निम्मं-निम्मं असतं, त्यात कौशल्य फार नाही, त्यामुळे एखादी टीम चार फंबल उचलून जिंकली असेल तर तेवढा विजय मनात हलका करा. इंटरसेप्शनचं (समोरच्यांनी झेललेल्या पासचं) तसं नाही, क्वार्टरबॅकवर दबाव होता की त्याने उगाच फेकला ते बघायला लागतं. तसंच थोडक्यात जिंकणं-हरणं. नेब्रास्काचा 2021 चा सीझन या बाबतीत प्रसिद्ध आहे: 3 जिंकल्या, 9 हरल्या, आणि नऊच्या नऊ हार 9 किंवा त्याहून कमी पॉइंटांनी, सीझनभराचे केलेले पॉइंट दिलेल्या पॉइंटांपेक्षा जास्त! सगळे म्हणाले पुढच्या वर्षी नशीब फिरेल. 2022 मध्ये 4-8. कारण त्या हारींमध्ये नुसतं नशीब नव्हतं, स्पेशल टीम्स (किकच्या वेळी उतरणाऱ्या तुकड्या) सातत्याने खराब होत्या, आणि ती काही आपोआप सुधारणारी गोष्ट नाही. म्हणून "थोडक्यात हरले" एवढं लिहून थांबायचं नाही, कशामुळे हरले तेही एका ओळीत लिहायचं, किक चुकली, पंट (बॉल लाथेने लांब उडवून समोरच्यांना देणं) अडवला गेला, कोचने टाइमआऊट वाया घालवला, काय ते.

पंट आणि किकिंग लोक बघतच नाहीत, आणि मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण आयोवासारखी टीम त्यावरच जगलेली आहे. 2022 मध्ये त्यांनी साउथ डकोटा स्टेटला 7-3 हरवलं, एकही टचडाऊन नाही, एक फील्ड गोल आणि दोन सेफ्टी (प्रत्येकी 2 पॉइंट). 2023 मध्ये त्यांचं ऑफेन्स यार्डांच्या हिशोबात देशात शेवटचं होतं आणि तरी 10 मॅच जिंकल्या. आयोवाची मॅच असेल तर दोन्ही बाजूंचे पॉइंट कमी लिहा.

सोमवार-मंगळवारी कॅलेंडर उघडायचं. प्रत्येक टीमसाठी दोनच प्रश्न: मागच्या आठवड्यात कोणाशी खेळले, पुढच्या आठवड्यात कोणाशी खेळायचंय. अठरा ते बावीस वर्षांची मुलं आहेत ही, मोठ्या मॅचनंतर अंगातली हवा जाते, भले जिंकलेले असोत किंवा हरलेले. 2024 मध्ये नोटरडेम टेक्सस ए अँड एमला त्यांच्या घरी 23-13 हरवून आली, पुढच्याच शनिवारी घरच्या मैदानावर नॉर्दर्न इलिनॉयने त्यांना 16-14 ने हरवलं, फेव्हरिट असताना, तेही 28 च्या आसपास पॉइंटांनी. 2025 मध्ये पेन स्टेट, सीझनआधी नंबर 2, ओरेगनशी घरी दोन ओव्हरटाइम खेळून 30-24 हरली, आणि पुढच्या शनिवारी देश ओलांडून कॅलिफोर्नियात गेली आणि तोपर्यंत एकही मॅच न जिंकलेल्या यूसीएलएने त्यांना 42-37 हरवलं. त्यात थकवा होता, लांबचा प्रवास होता, आणि यूसीएलएच्या ऑफेन्सचे प्ले त्या आठवड्यापासून नवीन माणूस ठरवत होता, त्यामुळे पेन स्टेटने ज्या टेप बघून तयारी केली त्या निम्म्या बिनकामाच्या झाल्या. कोच किंवा कोऑर्डिनेटर मधेच बदललेली टीम असेल तर तुमच्या आधीच्या नोंदींवर जरा कमीच विश्वास ठेवा.

पण हा नियम नाहीये, नीट समजून घ्या. धक्का देणाऱ्या टीमलाही हेच होऊ शकतं: नॉर्दर्न इलिनॉय त्या विजयानंतरच्या मॅचमध्ये बफलोकडून ओव्हरटाइममध्ये 23-20 हरली. आणि व्हँडरबिल्टला मात्र असं काही झालं नाही, अलाबामानंतर पुढच्याच आठवड्यात त्यांनी केंटकीला 20-13 हरवलं. म्हणून मी अशा वेळी दोन-तीन पॉइंट इकडे-तिकडे करते, निकाल उलटा करत नाही.

अमक्याने तमक्याला हरवलं म्हणून तो यालाही हरवेल, हे गणित तर अजिबातच नको. त्याच 2024 च्या सीझनमध्ये बफलोने नॉर्दर्न इलिनॉयला हरवलं, त्यांनी नोटरडेमला, नोटरडेमने प्लेऑफमध्ये जॉर्जियाला. मग बफलो जॉर्जियाला हरवेल का? आणि व्हँडरबिल्टला त्याच वर्षी जॉर्जिया स्टेटने हरवलेलं होतं, जी सीझनअखेर 3-9 होती.

त्याऐवजी बाजू जुळवून बघा, यांची सगळ्यात कमजोर जागा त्यांच्या सगळ्यात तगड्या जागेसमोर येते का. यासाठी माझं सगळ्यात आवडतं उदाहरण 30 नोव्हेंबर 2024 चं, ओहायो स्टेट-मिशिगन, कोलंबसला. मिशिगन तोपर्यंत 6-5, ओहायो स्टेट जवळजवळ 20 पॉइंटांनी फेव्हरिट. पण ओहायो स्टेटचा लेफ्ट टॅकल जॉश सिमन्स ऑक्टोबरमध्येच जखमी होऊन बाहेर, सेंटर सेथ मॅकलॉक्लिनही नोव्हेंबरमध्ये सीझनमधून बाहेर, म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइनचा (क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या पुढच्या फळीचा) मधला भाग डागडुजी केलेला, आणि मिशिगनची सगळ्यात मोठी ताकद नेमकी तिथे, मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट हे दोन डिफेन्सिव्ह टॅकल. आणि तरी ओहायो स्टेट मधूनच रन करत राहिली. 13-10, मिशिगन. बाहेरच्या बाजूला देशातले सगळ्यात भारी रिसीव्हर (पास झेलणारे) असताना! तीच ओहायो स्टेट नंतर प्लेऑफमध्ये रिसीव्हरकडे बॉल द्यायला लागली आणि जानेवारी 2025 मध्ये नोटरडेमला 34-23 हरवून चॅम्पियन झाली. टीम चांगली की वाईट हा प्रश्न अपुरा असतो, या समोरच्या टीमसाठी चांगली का, ते विचारायचं.

दुखापतींची माहिती आता पूर्वीपेक्षा बरी मिळते. एसईसीत, म्हणजे अलाबामा-जॉर्जिया-व्हँडरबिल्टच्या कॉन्फरन्समध्ये (टीमच्या गटात), 2024 पासून कॉन्फरन्सच्या मॅचसाठी बुधवारपासून रोज यादी येते, बिग टेनची (ओहायो स्टेट, मिशिगनची कॉन्फरन्स) मॅचच्या दोन तास आधी येते. क्वार्टरबॅकचं नाव सगळेच बघतात, तुम्ही सेंटर आणि लेफ्ट टॅकल बघा. हवामानात पावसापेक्षा वारा बघा, ताशी 25-30 किलोमीटरच्या वर असेल तर लांबचे पास आणि लांबच्या किक दोन्ही बिघडतात.

गुरुवारी अंदाज लिहायचा, आणि तोही आकड्यात. नुसतं "पर्ड्यू जिंकेल" असं नाही. सुरुवातीला बेटिंगच्या बाजारातला स्प्रेड (फेव्हरिट किती पॉइंटांनी जिंकेल तो अंदाज) घ्या, तो मोफत दिसतो आणि त्याच्यामागे भरपूर माहिती असते, त्याच्याशी वाद घालायचा असेल तर कारण लिहून घाला. घरच्या मैदानाचे साधारण अडीच-तीन पॉइंट त्यात आधीच धरलेले असतात, परत वेगळे मिळवू नका. मग टक्के: 3 पॉइंटांची फेव्हरिट म्हणजे दहात सहाच्या आसपास, 7 ची म्हणजे दहात सात, 14 ची म्हणजे साधारण 85 टक्के. हे पाठच करून ठेवा, कारण टीव्हीवर 7 पॉइंटांच्या फेव्हरिटबद्दल असं बोलतात जसं काही ती हरूच शकत नाही, आणि ती दहात तीनदा हरते.

ग्रुपमध्ये खेळत असाल तर नुसते बरोबर-चूक मोजू नका, खात्रीसकट मोजा. तुम्ही 70 टक्के म्हणालात आणि ती टीम जिंकली तर फरक 0.30, त्याचा वर्ग 0.09, हरली तर 0.70 चा वर्ग 0.49. 90 टक्के म्हणून हरलात तर 0.81, चांगलाच फटका. सगळ्यांची सरासरी काढायची, जितकी कमी तितकं चांगलं, आणि प्रत्येक मॅचला डोळे मिटून 50 टक्के लिहिणाऱ्याची सरासरी बरोबर 0.25 येते, म्हणजे तुम्ही त्याच्या खाली असायला हवं. यात एक फायदा असा की उगाच छातीठोकपणे बोलणारा माणूस चार आठवड्यांत आपोआप मागे पडतो. मात्र मॅच निवडताना स्प्रेड 10 पॉइंटांच्या आत असलेल्याच घ्या, जॉर्जिया विरुद्ध कुठलं तरी छोटं कॉलेज अशा मॅच घातल्या तर सगळ्यांचेच आकडे छान दिसतात आणि कोणालाच काही कळत नाही.

सप्टेंबरमध्ये खात्री कमीच ठेवा. ट्रान्सफर पोर्टलमुळे (कॉलेज बदलू बघणाऱ्या खेळाडूंची यादी), आणि 2021 पासून कॉलेज बदलून लगेच खेळता यायला लागल्यामुळे, अर्धी टीम नवीन असू शकते. फ्लोरिडा स्टेट 2023 मध्ये 13-0 होती, 2024 मध्ये नंबर 10 वरून सुरुवात केली आणि 2-10 ला संपली. त्याच वर्षी अ‍ॅरिझोना स्टेटला बिग ट्वेल्व्हमध्ये सोळापैकी सोळावी धरलं होतं, ती कॉन्फरन्स जिंकून प्लेऑफला गेली आणि टेक्ससशी दोन ओव्हरटाइम खेळली. पाचव्या आठवड्यापर्यंत गेल्या वर्षीची माहिती आणि या वर्षीच्या नोंदी दोन्ही धरा, त्यानंतर फक्त आपली वही.

डिसेंबरच्या बोल गेम्सना (सीझननंतरच्या निमंत्रणाच्या मॅचना) यातलं बरंच काही चालत नाही. एनएफएलला जाणारे खेळाडू खेळत नाहीत, पोर्टलमध्ये गेलेले गायब असतात, कोच दुसरीकडे नोकरी धरून गेलेला असतो. फ्लोरिडा स्टेट 13-0 असूनही क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिसच्या दुखापतीनंतर चार टीमच्या प्लेऑफमधून वगळली गेली, आणि ऑरेंज बोलला दोन डझनांहून जास्त खेळाडूंशिवाय उतरली, जॉर्जियाने 63-3 हरवलं. म्हणून बोलचा अंदाज गुरुवारी वगैरे नाही, मॅचच्या दिवशी सकाळी, कोण खेळतंय ती यादी समोर ठेवूनच लिहा. प्लेऑफच्या 12 टीमचं वेगळं, तिथे बहुतेक सगळे खेळतात, तिथे वहीतल्या नोंदी पूर्ण वापरा. फक्त पहिल्या वर्षीचं एक ध्यानात घ्या: 2024 च्या सीझनमध्ये पहिल्या फेरीत घरच्या मैदानावर खेळलेल्या चारही टीम जिंकल्या, आणि बाय मिळालेल्या (पहिली फेरी न खेळता पुढे गेलेल्या) चारही टीम पुढच्या फेरीत हरल्या. लगेच "बाय वाईट" असं लिहू नका, तेव्हा बाय कॉन्फरन्स चॅम्पियनना राखीव होते, त्यामुळे बॉइझी स्टेट आणि अ‍ॅरिझोना स्टेट वर बसलेल्या असूनही अंडरडॉगच होत्या. पुढच्या वर्षी तो नियम बदलून सरळ रँकिंगप्रमाणे क्रम लावायला लागले, तेव्हा बायचा खरा परिणाम काय ते बदलानंतरच्या मॅचवरूनच मोजा, आणि 2024 च्या त्या चार मॅच वेगळ्या पानावर ठेवा.